स्पितीला जाताना किन्नौरमार्गे जा

राजगडाच्या चोर दरवाजाची वाट एका दमात चढणारे, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गाठणारे, पावसाळ्यात एकही रविवार घरी न बसणारे असे कसलेले गडी हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात पहिल्याच रात्री डोकं धरून बसलेले दिसतात. कारण साधं आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. स्पितीतलं मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे आणि पायवाटेवरची गावं ४,४०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के उरतो, म्हणजे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. पायातली ताकद आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट तयारीचा माणूस भरभर चढतो, दुखणं अंगावर काढतो आणि जास्त अडकतो.

म्हणून सामानाची यादी नंतर. आधी रस्ता ठरवा.

स्पितीत शिरायला दोन वाटा आहेत. मनालीहून २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून पलीकडे उतरायचं, ग्राम्फूला वळायचं, ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडायची आणि त्याच दिवशी संध्याकाळी काझात पोचायचं, ही एक. सुट्टी कमी असलेल्यांना आणि पॅकेजवाल्यांना हीच आवडते. पण सकाळी २,००० मीटरवर असलेलं शरीर रात्री ३,६५० मीटरवर झोपवायचं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. दुसरी वाट शिमल्याहून सतलजच्या काठाने, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो अशी. तिला दोन-तीन दिवस जास्त लागतात, रस्ता अंगाला हिसके देतो, पण उंची हप्त्याहप्त्याने वाढते. जाताना किन्नौर, येताना कुंझुम. खिंड बर्फाने बंद असेल तर येतानाही किन्नौर. ज्याच्या रजेत हे बसत नाही त्याने स्पिती पुढच्या वर्षावर ढकलावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन हजार मीटरच्या वर एक ठोकताळा डॉक्टर मंडळी सांगतात. झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांतून एकदा त्याच जागी दुसरी रात्र काढावी. महत्त्व झोपायच्या उंचीला आहे. दिवसा वर जाऊन खाली परतलात तर फायदाच होतो. हा ठोकताळा स्पितीच्या नकाशावर ठेवला की मुक्काम आपोआप ठरतात. कल्पा २,९६० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढा. समोर किन्नर कैलास आणि आजूबाजूला सफरचंदाच्या बागा असल्यामुळे कंटाळा येणार नाही. पुढे नाकोला थांबायचा मोह होईल. तळं सुंदर आहे, मंदिरंही जुनी आहेत, पण ते ३,६०० मीटरच्या वर आहे. दुपारी पाहून घ्या आणि झोपायला ३,२८० मीटरवरच्या ताबोला या. ताबोतही दोन रात्री, त्यानंतर धनकर, सुमारे ३,९०० मीटर. हा टप्पा ५०० च्या थोडा पुढे जातो, म्हणून धनकरलाही दोन रात्री ठेवा. मधल्या दिवशी गावावरच्या तळ्यापर्यंत तासा-दीड तासाची सावकाश चढण करून या.

पायी चालायची माझ्या पसंतीची वाट इथूनच सुरू होते. धनकर, लालुंग, डेमुल, कोमिक, लांगझा या गावांना जोडणारी, डाव्या तीरावरच्या उंच पठारांवरून जाणारी. रोज पाच-सात तासांची चाल, रात्री कुणाच्या तरी घरी मुक्काम, तंबूची गरज नाही. बहुतेक ठिकाणी ही वाट उलटी विकली जाते. काझाहून गाडीने लांगझाला जायचं आणि धनकरकडे उतरत यायचं. पायांना ते सोपं पडतं, डोक्याला नाही, कारण सगळ्यात उंच मुक्काम पहिल्या एक-दोन रात्रींतच पदरात पडतात. धनकरहून निघालात तर लालुंग ते डेमुल ही खडी चढण घाम काढेल, पण तोवर रक्त विरळ हवेला बऱ्यापैकी सरावलेलं असतं. डेमुल सुमारे ४,३५० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री थांबा. मग कोमिक, जवळपास ४,५९० मीटर, आणि तिथून हिक्कीमवरून लांगझा ही उतरती मजल. हिक्कीमच्या उंचावरच्या पोस्टातून घरी कार्ड टाकायची हौस असेल तर ती याच दिवशी भागते. बरोबर गावातला वाटाड्या घ्या. पठारावर जनावरांच्या वाटा इतक्या फुटतात की ढग उतरला की माहीतगारही गोंधळतो.

केव्हा जायचं, हा प्रश्न मराठी घरात शाळेच्या सुट्टीशी बांधलेला असतो. मे महिन्यात किन्नौरकडून काझापर्यंत पोचता येतं, पण कुंझुम बहुधा बंद असते आणि वरच्या वाटांवर बर्फ असतं. मे महिन्यात मुलांना घेऊन गाडीने ताबो, धनकर आणि की हे मठ बघणं ठीक, पायी डेमुल नको. दिवाळीची सुट्टी त्याहून अडचणीची. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, नळ गोठतात, बरीच घरं पाहुणे घेणं थांबवतात. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती स्वतः पर्जन्यछायेत असली, तरी तिथे पोचायचा सतलजकाठचा रस्ता दरडींनी बंद पडतो आणि तुम्ही किन्नौरातल्या रेकाँग पिओत अडकून पडता. राहिला सप्टेंबर. गणपती उठले की निघा. बार्लीची शेतं पिवळी झालेली असतात, आकाश धुतल्यासारखं असतं, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं. थंडी असते, पण सोसवणारी.

आता डोकेदुखीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर ती महागात पडते.

उंचीवर आल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नकोसं वाटलं, गळून गेल्यासारखं झालं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. ‘प्रवासाचा शीण असेल’, ‘कालचा राजमा बाधला असेल’ असली कारणं शोधू नका. अशा वेळी नियम एकच. त्रास थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही. पाणी पीत राहा, विश्रांती घ्या, डोकेदुखीला पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं बरं होतं. झालं नाही, किंवा वाढलं, तर खाली उतरायचं.

याच्या पुढच्या पायऱ्या दोन आहेत आणि त्या ओळखता आल्याच पाहिजेत. मेंदूला सूज येऊ लागली की माणूस तोल जाऊन चालतो, असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो. संशय आला तर त्याला जमिनीवरच्या एका सरळ रेषेवर टाचेला बोटं लावत चालायला सांगा. झिंगल्यासारखा चालला तर उजाडायची वाट पाहू नका. फुप्फुसात पाणी भरू लागलं की बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर दिसतात, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी येते. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे ताबडतोब खाली नेणं, रात्र असली तरी, आणि रुग्णाला एकटं न सोडता. डेमुल काय, कोमिक काय, सगळ्या गावांपर्यंत गाडीरस्ता गेलेला आहे. घरमालकाला उठवा, गाडी मिळते. काझात सरकारी रुग्णालय आहे, तिथे ऑक्सिजन मिळतो, पण काझाही उंचच आहे, त्यामुळे डॉक्टर आणखी खाली न्यायला सांगतील ही तयारी ठेवा.

औषध आहे, अ‍ॅसिटाझोलामाइड. दुकानात ते डायमॉक्स या नावाने ओळखलं जातं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण यांत ते चालत नाही किंवा जपून द्यावं लागतं. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी तर नक्कीच. बोटांना मुंग्या आणि वारंवार लघवी हे त्याचे नेहमीचे परिणाम, घाबरू नका. आणि गोळी घेतली म्हणून मुक्कामाचा क्रम मोडायची परवानगी मिळत नाही.

कापराच्या पुडीबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठी ग्रुप निघाला की प्रत्येकाच्या गळ्यात ती असते. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, हवेतला ऑक्सिजन वाढत नाही. हुंगायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून दुखणं लपवू नका, आणि तो खाण्याचा प्रयोग तर मुळीच नको, विषारी असतो. मनाली-काझाच्या दुकानांत मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्यावरही भिस्त नको. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. चार हजार मीटरवर घरच्यापेक्षा आकडा खाली येणारच. दर तासाला सगळ्यांचे आकडे वाचून दाखवणारा एक गृहस्थ प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याचं यंत्र गोड बोलून काढून घ्या. आकडा पाहू नका, माणूस पाहा. तो जेवतोय का, नीट चालतोय का, बोलण्यात आहे का. पहिले काही दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

सावकाश जाण्याचा दुसरा फायदा गोंपात, म्हणजे इथल्या बौद्ध मठात, कळतो. काझाला एक रात्र काढून की, कोमिक, लांगझा, हिक्कीम एका दिवसात उरकणाऱ्या गाड्या दारात फोटो काढून पंधरा मिनिटांत निघतात. ताबोला दोन रात्री आहेत म्हणून तुम्ही आत तासभर बसू शकता, आणि ताबोला तेवढा वेळ लागतोच.

ताबोचा मठ ९९६ साली स्थापन झाला. गुगे राज्याचा राजा येशे-ओ आणि भाषांतरकार आचार्य रिन्चेन झांगपो यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. सेहेचाळीस वर्षांनी येशे-ओच्या वंशातल्या जांगचुब-ओने त्याचा जीर्णोद्धार केला. बाहेरून पाहिलं तर चिखलाच्या भिंतींचे ठोकळे. १९७५ च्या किन्नौर भूकंपात या भागाचं मोठं नुकसान झालं, ताबोलाही झळ बसली, तरी जुनं मुख्य मंदिर उभं आहे. आत अंधार असतो, डोळ्यांना सरावायला पाच-दहा मिनिटं द्या. मग भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर मातीच्या, रंगवलेल्या देवता ओळीने बाहेर आलेल्या दिसू लागतात. मध्यभागी चार दिशांना चार देह असलेला वैरोचन. हे सगळं मंदिरच वज्रधातू मंडल आहे, म्हणजे जे मंडल आपण कापडावर पाहतो त्याच्या आत तुम्ही उभे असता. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात एकीकडे बुद्धचरित्र आणि दुसरीकडे गंडव्यूह सूत्रातल्या सुधनाची कथा रंगवली आहे. हा मुलगा एका गुरूकडून दुसऱ्याकडे असा पन्नासाहून अधिक गुरूंकडे शिकत फिरतो. ते पट्टे डोळ्यांच्या उंचीला आहेत, तरी बहुतेक जण वरच्या मूर्तींकडे बघत पुढे सरकतात.

ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या वाचकाला फरक लगेच कळेल. तिथे बेसॉल्ट कोरलेला आहे, इथे सगळं मातीचं. आणि मातीला पाणी चालत नाही. ही छपरं अगदी थोड्या पावसासाठी बांधली आहेत. म्हणून भिंतीला टेकू नका, सॅक पाठीवर घेऊन आत शिरू नका, ओला रेनकोट बाहेर ठेवा. आत फोटो काढायला बंदी आहे, ती मोबाइललाही लागू आहे. छोटी विजेरी न्या, पण लामांना विचारून लावा.

धनकर एका पोखरलेल्या सुळक्यावर बसलेलं आहे. हे स्पितीचं जुनं राजधानीचं गाव, खाली पिन नदी स्पितीला मिळते. २००६ साली जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातल्या शंभर स्थळांच्या यादीत त्याचा समावेश होता. जुन्या गोंपाची जमीन खरोखर खचते आहे. एका वेळी थोड्याच लोकांना वर सोडतात, त्यावरून वाद घालू नका. की गोंपा सर्वांत मोठा, ४,१६६ मीटरवर, आणि तिथे लामा पाहुण्याला चहा देतात. कोमिकचा साक्य पंथाचा, पिन खोऱ्यातला कुंगरीचा न्यिंगमा पंथाचा, तर ताबो, धनकर, की हे गेलुग. पंथांचे बारकावे पाठ करायची गरज नाही. सकाळची पूजा मात्र एखाद्या गोंपात जरूर ऐका. आदल्या संध्याकाळी वेळ विचारून ठेवा.

गोंपातले शिष्टाचार मराठी माणसाला अवघड जात नाहीत, निम्मे घरचेच आहेत. चपला-बूट आणि टोपी बाहेर. प्रदक्षिणा उजवी घालून, प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत किंवा चोर्तेन, म्हणजे स्तूप, लागला तर तो आपल्या उजव्या हाताला राहील असं डावीकडून जायचं. वाट उजवीकडून सोयीची दिसली तरी. त्या भिंतीवरचा दगड आठवण म्हणून उचलणं ही चोरी आहे. पूजा चालू असेल तर भिंतीकडेने जाऊन मागे बसा, लामांच्या रांगांमधून आडवं जाऊ नका, मूर्तीकडे किंवा लामांकडे पाय पसरू नका. उंच आसन रिकामं दिसलं तरी ते तुमच्यासाठी नसतं. लोण्याचा खारट चहा वाटीत ओतला जाईल. नको असेल तर वाटी भरलेलीच राहू द्या, कारण रिकामी केलीत की पुन्हा भरणार. रक्षक देवतांची वेगळी खोली असते, तिथे कधी मूर्तींचे चेहरे झाकलेले असतात, काही ठिकाणी स्त्रियांना प्रवेश नसतो. ही गोष्ट पटो न पटो, दारात भांडून सुटणारी नाही.

दीक्षाभूमीला जाणाऱ्या, घरी त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बौद्ध वाचकांना इथे जरा परकं वाटण्याची शक्यता आहे. हा वज्रयान पंथ आहे. उग्र मुखांच्या देवता, कवट्यांच्या माळा, युगनद्ध मूर्ती, तुपासारख्या लोण्याचे दिवे. पण बुद्धापुढे शांत बसायला, मनातल्या मनात वंदना म्हणायला कुणी अडवत नाही. एखाद्या लामाला हिंदीत ‘ही मूर्ती कुणाची?’ असं विचारलंत तर तो हौसेने सांगत बसतो. लहान गावांतला गोंपा कुलूपबंद असेल. किल्ली गावातल्या एखाद्या घरी किंवा शेतात काम करणाऱ्या लामाकडे असते. मुलाला निरोप पाठवा आणि थांबा. दानपेटीत पैसे टाका, पण किल्लीवाल्याला घासाघीस करून ‘तिकीट’ विचारू नका.

गावात शिरताना ‘जुले’ म्हणा, नमस्कारही तोच आणि आभारही तोच. घरचा मुक्काम म्हणजे हॉटेल नव्हे. डेमुलमध्ये पाहुणे घरांना पाळीने मिळतात, म्हणजे उत्पन्न गावभर वाटलं जातं. तुम्हाला दुसरंच घर ‘चांगलं दिसतंय’ म्हणून पाळी मोडायला लावू नका. रात्री थुक्पा, कधी मोमो, नाही तर डाळ-भात, आणि हंगामात हिरवा वाटाणा, जो इथलं नगदी पीक आहे. सकाळी बार्लीचं सातू. शाकाहारी सहज चालून जातं, जैन जेवण मात्र आधी सांगूनही अवघडच. संडास कोरडे असतात. वरच्या मजल्यावर भोक, शेजारी मातीचा ढीग, पाणी नाही. काम झालं की फावडंभर माती टाकायची. पुढे त्याचंच खत शेतात जातं, म्हणून त्यात प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू टाकायचे नाहीत. ते बरोबर आणलेल्या पिशवीत काझापर्यंत न्या. पाण्याचं दुर्भिक्ष आपल्याकडच्या माणदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. बर्फ कमी पडलं की कोमिक-लांगझाची शेतं सुकतात. आंघोळ तीन-चार दिवस लांबली तर काही बिघडत नाही. पिण्याला उकळलेलं पाणी मागा. एवढ्या उंचीवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी जंतू मरायला पुरतं. बाटल्या विकत घेऊ नका, त्या परत कुणी नेत नाही. लांगझाला मुलं अमोनाइटचे जीवाश्म विकायला येतील, शाळिग्रामासारखे, टेथिस समुद्राच्या काळातले. घेऊ नका.

सामानाबद्दल थोडक्यात. सॅक हलकी ठेवा, पण एक जाड जॅकेट, वारा अडवणारा थर, लोकरी टोपी, हातमोजे आणि दोन जोड कोरडे मोजे झोपण्यासाठी वेगळे. गॉगल आणि ओठांचं मलम विसरलात तर दुसऱ्या दिवशी हसता येणार नाही. बूट नवे नकोत. काझात एटीएम आहे, त्यात पैसे असतीलच असं नाही, म्हणून शिमल्यातून किंवा रेकाँग पिओतून रोख घेऊन निघा. पठारावर फोनची भिस्त ठेवू नका, घरच्यांना मुक्कामांची यादी देऊन ठेवा. भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरे. पण अमेरिकेहून आलेली बहीण परदेशी पासपोर्टवर बरोबर असेल तर किन्नौर-स्पितीच्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी तिला परवाना काढावा लागेल. तो शिमला किंवा रेकाँग पिओत मिळतो, सुट्टीचा दिवस टाळून जा.

परतताना काझाहून कुंझुम ओलांडताना ड्रायव्हर खिंडीतल्या देवीच्या मंदिराला गाडीसकट प्रदक्षिणा घालेल. मधे चंद्रताल तळ्याजवळ मुक्काम करायचा असेल तर तो सवय झालेल्या शरीराला आता जड जाणार नाही. तिथून मनालीकडे मात्र पहाटे निघा. ग्राम्फूपर्यंतच्या रस्त्यावर नाले आडवे येतात, ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून त्यांचं पाणी वाढतं आणि दुपारी छोटी गाडी मधोमध अडकते. आणि चंदीगडहून परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. मधे एक दिवस मोकळा ठेवा. रस्ता बंद पडला तर तो कामी येईल.